इंडक्शन शेगडीसाठी भांडी निवडताना : आरोग्याच्या दृष्टीने काय पाहावे?

मागच्या पावसाळ्यात साठीच्या एक काकू माझ्या दवाखान्यात तपासणीसाठी आल्या. त्यांना बऱ्याच वर्षांपासून सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका आकुंचन पावण्याचा जुनाट आजार आहे. घरात गॅस होता, पण भाकरी आणि अंघोळीचे पाणी चुलीवर. धूर पूर्ण बंद करा, असे मी अनेकदा सांगितले होते. शेवटी मुलाने इंडक्शन शेगडी आणून दिली. दोन महिन्यांनी मी त्याबद्दल विचारले तेव्हा काकू म्हणाल्या, "डॉक्टर, ती शेगडी बिघडलेलीच निघाली. पातेले ठेवले की नुसती शिट्टी मारते आणि बंद पडते." शेगडी माळ्यावर गेली होती आणि काकू परत चुलीपुढे बसल्या होत्या.

शेगडी बिघडलेली नव्हती. त्यांचे पातेले ॲल्युमिनियमचे होते आणि तवा खोलगट. भांडी चुकीची असल्यामुळे एक चांगला उपचार वाया गेला होता. होय, अशा रुग्णासाठी धूर नसलेली चूल हा उपचाराचाच भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख लोकांचा मृत्यू झाला.

दुसऱ्या टोकाला असे रुग्णही भेटतात, ज्यांनी इंडक्शनसोबत झगमगीत नॉनस्टिकचा पूर्ण संच घेतलेला असतो आणि महिन्याभरात त्याचा थर निघू लागलेला असतो. "इंडक्शनवर चालते" एवढे पाहून भांडे घेतले, की अशी गडबड होते.

म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवा. भांड्याचे बाहेरचे बूड ठरवते की शेगडी चालेल की नाही. भांड्याचा आतला पृष्ठभाग ठरवतो की तुमच्या पोटात काय जाईल. या दोन वेगवेगळ्या परीक्षा आहेत आणि भांडे दोन्हींत पास झाले पाहिजे.

इंडक्शन शेगडी काम कशी करते?

गॅसवर ज्योत तापते आणि ती भांड्याला तापवते. इंडक्शनमध्ये काचेखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे असते, त्याला कॉइल म्हणतात. त्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारी वीज वाहते आणि काचेच्या वर चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात लोखंडासारख्या चुंबकीय धातूचे बूड आले, की त्या बुडातच विजेचे लहान लहान भोवरे फिरू लागतात आणि बूड स्वतः तापते. म्हणजे उष्णता शेगडीत नाही, भांड्यात तयार होते.

यातून तीन गोष्टी कळतात.

- भांडे उचलले, की तापणे थांबते. उघडी ज्योत नसल्यामुळे पदर किंवा ओढणी पेटण्याचा धोका राहत नाही. विसरभोळेपणा वाढलेल्या वयस्कर व्यक्तींसाठी हा मोठा फायदा आहे.
- धूर नाही. गॅसच्या ज्योतीतून काही प्रमाणात नायट्रोजन डायऑक्साइड बाहेर पडतो, तोही इथे नसतो. फोडणीचा आणि तळणाचा धूर मात्र इंडक्शनवरही होतोच. त्यामुळे खिडकी उघडी आणि पंखा किंवा चिमणी चालू ठेवायला हवी.
- काच थंड असते हा गैरसमज आहे. गरम भांड्याखालची काच चांगलीच तापलेली असते. शेगडी बंद केल्यावर लगेच हात लावू नका, लहान मुलांना लावू देऊ नका.

पहिली परीक्षा : बूड

यासाठी घरातले फ्रिजवर चिकटवायचे चुंबक पुरेसे आहे. भांडे उलटे करा आणि चुंबक बुडाच्या मध्यभागी लावा.

- चुंबक घट्ट चिकटले : भांडे इंडक्शनवर चालेल.
- चुंबक हलकेच धरते, सरकते : भांडे चालले तरी नीट तापणार नाही, शेगडी मधूनमधून बंद पडेल.
- चुंबक चिकटलेच नाही : भांडे चालणार नाही.

चुंबक भांड्याच्या बाजूला लावून फसू नका. बाजू चुंबकीय असून बूड नसेल, तर उपयोग नाही. उलट बाजूला चिकटत नाही म्हणून भांडे बाद करण्याचीही गरज नाही. चांगल्या स्टीलच्या पातेल्यात अनेकदा आतले स्टील चुंबकाला दाद देत नाही, पण खाली वेगळा चुंबकीय थर बसवलेला असतो.

चुंबकाखेरीज आणखी तीन गोष्टी पाहा.

बूड सपाट आहे का? भांडे ओट्यावर ठेवून हलकेच फिरवा. ते भोवऱ्यासारखे फिरले किंवा डुगडुगले, तर बूड फुगलेले आहे. शेगडीचे तापमान मोजणारे यंत्र काचेखाली असते. बूड काचेला नीट टेकले नाही, तर त्या यंत्राला भांडे किती तापले ते बरोबर कळत नाही. तळण करताना तेल गरजेपेक्षा जास्त तापण्याचे हे एक कारण आहे.

बूड जाड आहे का? पातळ पत्र्याचे भांडे इंडक्शनवर मधोमध पटकन तापते, खीर आणि डाळ तळाला लागते आणि काही दिवसांत बूड वाकडे होते.

चुंबकीय भाग किती रुंद आहे? काही ॲल्युमिनियमच्या भांड्यांना खाली स्टीलची छोटी चकती बसवलेली असते. कढई मोठी आणि चकती लहान असेल, तर मधले अन्न करपते आणि कडेचे कच्चे राहते. चुंबक मध्यापासून कडेपर्यंत फिरवून पाहा.

दुकानात जाताना चुंबक खिशात ठेवा. बुडावर गुंडाळलेल्या तारेसारखे चिन्ह किंवा "इंडक्शन" असा शब्द छापलेला असतो, पण खात्री चुंबकाने करावी.

दुसरी परीक्षा : आतला पृष्ठभाग

चुंबकाची परीक्षा इथे संपते. आता अन्नाला काय लागणार आहे ते पाहू.

१) स्टेनलेस स्टील

रोजच्या वापरासाठी माझा पहिला सल्ला हाच असतो. आंबट आमटी, सार, टोमॅटोची भाजी, दूध, काहीही करा, स्टील त्याच्याशी फारसे बोलत नाही. भांड्यावर ३०४ किंवा १८/८ लिहिलेले असेल, तर त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. हे स्टील गंजत नाही, पण सहसा चुंबकालाही चिकटत नाही. ४३० क्रमांकाच्या स्टीलमध्ये निकेल जवळजवळ नसते आणि ते चुंबकीय असते. म्हणून चांगल्या भांड्यात आत ३०४, मध्ये उष्णता पसरवणारा ॲल्युमिनियमचा थर आणि बाहेर ४३० अशी तीन थरांची रचना करतात. मधल्या ॲल्युमिनियमचा अन्नाशी संबंध येत नाही, त्यामुळे त्याची काळजी नको.

खोट्या दागिन्यांनी किंवा घड्याळाच्या पट्ट्याने ज्यांच्या अंगावर पुरळ येते, त्यांना निकेलची ॲलर्जी असू शकते. नव्या स्टीलच्या भांड्यात आंबट पदार्थ बराच वेळ शिजवला, तर पहिल्या काही वेळा थोडे निकेल अन्नात उतरते. भांडे वापरात आले, की हे प्रमाण कमी होत जाते. बहुतेकांना याने काही होत नाही. पण ॲलर्जी तीव्र असेल, तर आतून निकेल नसलेले स्टील किंवा एनॅमलचा थर असलेले भांडे घ्या आणि त्वचारोगतज्ज्ञांशी बोला.

२) लोखंड आणि बीड

लोखंडी कढई आणि बिडाचा तवा इंडक्शनवर उत्तम चालतात, फक्त बूड सपाट हवे. इथे आरोग्याचा एक जास्तीचा फायदाही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. लोखंडी भांड्यात ओलसर आणि आंबट पदार्थ शिजवले, की थोडे लोह अन्नात उतरते. पालेभाजी, टोमॅटोची भाजी, लिंबू पिळलेली उसळ यांना हे लागू होते.

मात्र तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, लोखंडी कढई म्हणजे लोहाच्या गोळ्यांना पर्याय नाही. हिमोग्लोबिन कमी असेल, तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चालूच ठेवा. दुसरी, अन्न शिजले की दुसऱ्या भांड्यात काढा. राहिले तर ते काळे पडते आणि धातूची चव येते. तिसरी, थॅलेसेमियाच्या रुग्णांनी आणि ज्यांच्या शरीरात लोह साठते असे निदान झाले आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोखंडी भांड्यात रोजचा स्वयंपाक करू नये.

बिडाचे भांडे काचेवर ओढू नका, चरे पडतात. सुरुवातीला आच कमी ठेवा. धुतल्यावर पुसून तेलाचा हात लावा.

३) नॉनस्टिक

कमी तेलात स्वयंपाक होतो म्हणून मधुमेह आणि हृदयरोग असलेल्या घरांत नॉनस्टिक हमखास दिसते. ते वापरूच नका असे मी म्हणत नाही. पण इंडक्शनवर ते जास्त जपून वापरावे लागते. नॉनस्टिकचा नेहमीचा थर पीटीएफई नावाच्या पदार्थाचा असतो. साधारण २६० अंश सेल्सिअसच्या वर तो खराब होऊ लागतो आणि त्याहून बराच जास्त तापला तर त्यातून त्रासदायक वायू बाहेर पडतात. इंडक्शनच्या मोठ्या आचेवर रिकामा नॉनस्टिक तवा काही मिनिटांत या तापमानाकडे जातो. "तवा तापत ठेवून कांदा चिरू" ही सवय इथे चालणार नाही.

असे वायू श्वासात गेले, तर काही तासांनी थंडी वाजून ताप, अंगदुखी, खोकला, छातीत जखडल्यासारखे वाटणे अशी फ्लूसारखी लक्षणे येऊ शकतात. ती बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत जातात, पण दमा आणि सीओपीडीच्या रुग्णांनी धोका घेऊ नये.

नॉनस्टिक बनवताना पूर्वी पीएफओए नावाचे रसायन वापरत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये ते माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकले. पीएफओए आणि पीटीएफई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरीही नवे भांडे घेताना "पीएफओए विरहित" असे लिहिलेले पाहा. लाकडी उलथने वापरा, आच मध्यम ठेवा, आणि थराला चरे पडून तो सुटू लागला, की भांडे बदला.

४) ॲल्युमिनियम आणि हार्ड ॲनोडाइज्ड

साधे ॲल्युमिनियम इंडक्शनवर चालत नाही. खाली स्टीलची चकती बसवलेले चालते, पण आत ॲल्युमिनियमच असते. चिंच, आमसूल, टोमॅटो, ताक असे आंबट पदार्थ त्यात शिजवू आणि ठेवू नका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहारविषयक सूचनांतही चटणी, सांबार यांसारखे आंबट पदार्थ ॲल्युमिनियम, लोखंड आणि कल्हई नसलेल्या पितळ-तांब्याच्या भांड्यांत साठवू नयेत, असे म्हटले आहे. निरोगी माणसाचे मूत्रपिंड अन्नातून आलेले थोडे ॲल्युमिनियम बाहेर टाकते. मूत्रपिंड निकामी झालेल्या किंवा डायलिसिसवर असलेल्या रुग्णाच्या शरीरात ते साठू शकते. अशा घरात मी सरळ स्टील वापरायला सांगते. हार्ड ॲनोडाइज्ड भांड्याचा वरचा थर टणक असतो, त्यामुळे धातू कमी उतरतो. पण तारेच्या घासणीने तो घासून काढू नका.

५) तांबे, पितळ, माती, काच

ही भांडी इंडक्शनवर तापत नाहीत. त्यासाठी बाजारात मध्ये ठेवायची लोखंडी किंवा स्टीलची चकती मिळते. ती तापते आणि मग वरचे भांडे तापवते. मी हा उपाय सुचवत नाही. चकती लालबुंद न दिसताही प्रचंड तापते, शेगडीवरून भांडे उचलल्यानंतर बराच वेळ गरम राहते आणि हात भाजतो. शिवाय कल्हईचा कथील २३२ अंशांना वितळतो, त्यामुळे जास्त तापलेल्या चकतीवर कल्हईचे भांडे खराब होऊ शकते. आजीचे पितळी पातेले गॅससाठीच राहू द्या.

मराठी स्वयंपाकघरातली रोजची भांडी

पूर्ण संच एकदम घेण्याची गरज नाही. आधी घरातली भांडी चुंबकाने तपासा, दोन-तीन तरी निघतीलच. मग पुढील क्रमाने घ्या.

कुकर : इंडक्शनचे बूड असलेला स्टीलचा कुकर डाळ-भातासाठी उत्तम. प्रेशर कुकरवर आयएसआय चिन्ह आणि आयएस २३४७ हा क्रमांक असला पाहिजे. बूड फुगलेला जुना कुकर इंडक्शनवरच काय, गॅसवरही वापरू नका. इंडक्शनवर कुकरला वाफ लवकर धरते, म्हणून पाणी बेताने कमी करण्याचा मोह होतो. तसे करू नका. पाणी आटले तर डाळ करपते, रबर आणि झडप खराब होते. शिट्टी येईपर्यंत मोठी आच, नंतर मध्यम, असे ठेवा.

पातेले : दूध, चहा, आमटीसाठी जाड बुडाचे स्टीलचे पातेले. बिनाकानाचे पातेले सांडशीने उचलताना निसटते. वयस्कर व्यक्ती स्वयंपाक करत असेल, तर दोन्ही बाजूंना घट्ट बसवलेले कान असलेले घ्या.

तवा : पारंपरिक खोलगट लोखंडी तवा काचेवर टेकत नाही. सपाट बुडाचा लोखंडी किंवा बिडाचा तवा घ्या. पोळी त्यावर छान होते. फुलका आणि भाकरी ज्योतीवर फुगवता येत नाहीत. त्या तव्यावरच स्वच्छ कापडाने कडा दाबून फुगवाव्या लागतात. सवय व्हायला आठ-दहा दिवस लागतात, ते घरच्यांनी धीराने घ्यावेत.

कढई : सपाट बुडाची लोखंडी किंवा तीन थरांची स्टीलची. तळणासाठी तेल पुरेसे घ्या. अगदी थोडे तेल मोठ्या आचेवर क्षणात धुमसते.

फोडणीची पळी : बहुतेक शेगड्यांना फार लहान बुडाचे भांडे "दिसत" नाही. साधारण १२ सेंटीमीटरपेक्षा लहान बूड असेल, तर शेगडी सुरूच होत नाही. फोडणी त्याच पातेल्यात आधी करून वर आमटी टाका, किंवा सपाट बुडाचे छोटे पॅन घ्या. मोहरी टाकण्यापूर्वी आच कमी करा, कारण इंडक्शनवर तेल गॅसपेक्षा लवकर तापते.

भांड्याचे वजन आणि मूठ

हा मुद्दा दुकानात कोणी सांगत नाही. संधिवात, पार्किन्सन किंवा अर्धांगवायूनंतर हातात ताकद कमी असलेल्या रुग्णांसाठी बिडाचे जड भांडे धोक्याचे आहे. भरलेले भांडे एका हाताने उचलता येत नसेल, तर ते घेऊ नका. दुकानात रिकामे भांडे उचलून पाहताना लक्षात ठेवा, त्यात एक लिटर पाणी घातले की एक किलो वजन वाढते.

मधुमेहामुळे ज्यांच्या हातापायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना धातूची मूठ गरम झाल्याचे उशिरा कळते. त्यांच्यासाठी उष्णता न पोहोचणारी मूठ असलेले भांडे घ्या आणि जाड कापड हाताशी ठेवा. अंघोळीचे पाणी इंडक्शनवर मोठ्या पातेल्यात तापवून उचलून नेणे टाळा. उकळत्या पाण्याने भाजणे मी जितके पाहते, तितके ज्योतीने भाजणे पाहत नाही.

पेसमेकर असेल तर?

ही भीती योग्य आहे, पण त्यासाठी इंडक्शन टाकून द्यावी लागत नाही. चुंबकीय क्षेत्र शेगडीच्या अगदी जवळ तीव्र असते आणि अंतर वाढले की झपाट्याने कमी होते. पेसमेकर बनवणाऱ्या कंपन्यांच्या सूचनांत चालू शेगडी आणि पेसमेकर यांच्यात साधारण ६० सेंटीमीटर, म्हणजे दोन फूट अंतर ठेवायला सांगतात. छातीत झटका देणारे आयसीडी हे यंत्र बसवलेल्यांनीही हेच पाळावे.

इथेही भांड्याची निवड महत्त्वाची ठरते.

- भांड्याचे बूड शेगडीवर आखलेल्या वर्तुळाएवढे असावे आणि मधोमध ठेवावे. भांडे लहान असेल किंवा एका बाजूला सरकलेले असेल, तर चुंबकीय क्षेत्र बाजूने जास्त बाहेर पसरते.
- बूड सपाट असावे.
- ढवळायला लाकडी चमचा वापरा. भांड्यात धातूचा झारा धरून बराच वेळ उभे राहू नका.
- शेगडीवर वाकून भांड्यात डोकावू नका. शेगडी उंच टेबलावर ठेवून समोर खुर्चीत बसणेही टाळा, कारण मग ती थेट छातीसमोर येते.

काम करताना चक्कर आली किंवा छातीत धडधडले, तर शेगडीपासून दूर व्हा. दूर गेल्यावर यंत्र सहसा पूर्ववत चालते. पण त्या दिवशीच आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना कळवा. इंडक्शन घेण्यापूर्वी तुमच्या पेसमेकरचे कार्ड दाखवून त्यांना विचारणे सर्वांत चांगले.

भाजले तर काय करावे?

- भाजलेली जागा नळाच्या वाहत्या, साध्या थंड पाण्याखाली २० मिनिटे धरा. घड्याळ लावून धरा, दोन मिनिटांत थांबू नका.
- सूज येण्याआधी अंगठी आणि बांगड्या काढा.
- बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप, शाई यांपैकी काहीही लावू नका.
- फोड फोडू नका. स्वच्छ कोरड्या कापडाने सैल झाका.

रुग्णाच्या तळहातापेक्षा मोठी जागा भाजली असेल, चेहरा, हात, सांधे किंवा गुप्तांगावर भाजले असेल, जागा पांढरी वा काळी पडली असेल, किंवा भाजलेली व्यक्ती लहान मूल, वयस्कर वा मधुमेही असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हृदयात स्टेंट आहे किंवा गुडघा बदलला आहे. इंडक्शन चालेल का?
होय. स्टेंट आणि कृत्रिम सांधे ही विजेवर चालणारी उपकरणे नाहीत. नेहमीच्या अंतरावरून स्वयंपाक करायला हरकत नाही.

इंडक्शनवर शिजवलेल्या अन्नात किरणोत्सर्ग उतरतो का?
नाही. ही एक्स-रेसारखी किरणे नाहीत. अन्न केवळ गरम बुडामुळे शिजते. अन्नाचा कस वेळ, पाणी आणि तापमानावर अवलंबून असतो, शेगडीच्या प्रकारावर नाही.

गरोदरपणात वापरावी का?
वापरता येते. पोट शेगडीच्या कडेला टेकवून उभे राहू नका, योग्य मापाचे भांडे मधोमध ठेवा. धुरापुढे बसण्यापेक्षा हे नक्कीच चांगले.

भांड्यातून गुणगुणल्यासारखा आवाज येतो. ते खराब आहे का?
मोठ्या आचेवर थरांच्या किंवा पातळ बुडाच्या भांड्यातून असा आवाज येऊ शकतो. आच कमी केल्यावर थांबला, तर काळजी नको. बूड सुटल्यासारखे दिसत असेल, तर भांडे बदला.

कोणता प्लग लागतो?
२००० वॅटची शेगडी सुमारे ९ अँपिअर वीज घेते. तिला १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला प्लग हवा. मोबाइलच्या चार्जरसोबत एका एक्स्टेंशन बोर्डावर ती लावू नका.

थोडक्यात

दुकानात जाताना चुंबक न्या. बूड सपाट, जाड आणि चुंबकीय हवे. मग भांड्यात आत पाहा आणि स्वतःला विचारा, आमच्या घरात आजार कोणता आहे? मूत्रपिंडाचा असेल तर स्टील. रक्तक्षय असेल तर एक लोखंडी कढई. दमा असेल तर नॉनस्टिक कमी. हात थरथरत असेल तर हलके आणि दोन कानांचे. पेसमेकर असेल तर वर्तुळाएवढे बूड आणि दोन फुटांचे अंतर.

काकूंच्या मुलाला मी तीनच वस्तू आणायला सांगितल्या : सपाट लोखंडी तवा, कान असलेले स्टीलचे पातेले आणि इंडक्शनचा कुकर. वीज गेली तर चूल नाही, गॅस पेटवायचा, असे ठरवून दिले. अंघोळीच्या पाण्यासाठी त्याने वेगळा हीटर बसवला. काकूंचा आजार बरा होणारा नाही, इनहेलर आजही रोज घ्यावा लागतो. पण गेल्या वेळी त्या आल्या तेव्हा तक्रार दम्याची नव्हती. "डॉक्टर, भाकरी चुलीसारखी फुगत नाही," एवढेच म्हणाल्या. ही तक्रार मी आनंदाने ऐकली.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. पेसमेकर, डायलिसिस, थॅलेसेमिया किंवा तीव्र ॲलर्जी असल्यास भांडी आणि शेगडी बदलण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.